दोनातलं एक

कात्री खडूच्या रेषेवरून नीट चालली होती. मध्येच मास्टरांचा उजवा हात खांद्यापासून झटकला आणि वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या पाठीत वीतभर चीर गेली. कोटाची पाठ म्हणजे अशी जागा, की तिथे रफू चालत नाही आणि जोडही चालत नाही. मास्टरांनी कात्री खाली ठेवली, हाताची मूठ आवळून ती टेबलाखाली नेली आणि कापडाकडे बघायचं सोडून दाराकडे बघत राहिले.

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोने सगळं पाहिलं होतं. गिऱ्हाइकं तिला काकू म्हणायची, आणि ह्या काकूंना गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

“मेलं हे कापडच सरकतं,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हाच म्हटलं होतं, ह्या गिरणीचा माल नको घ्यायला म्हणून.”

“कापडाला कशाला बोल लावतेस?” मास्टर म्हणाले. “कापड बिचारं गप पडून होतं.”

यावर एरवी दोघं हसली असती.  आज काकूंनी सुई कापडात खोचली, चष्मा काढून डबीत ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालीस?”

“गुंड्याकडे.”

“अगं, त्याला कामावर जाऊन त्रास देऊ नकोस. एकदा नाही म्हणालाय ना तो?”

“आणखी एकदा म्हणू दे,” काकू म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

गुंड्या म्हणजे त्यांचा मुलगा. रांगत असताना दुकानात सांडलेली गुंडी दिसली रे दिसली की तोंडात घालायचा, म्हणून गुंड्या. आता चांगला पंचविशीचा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. पण नाव पडलं ते पडलं. तो मास्टरांचा मुलगा होता, आणि हिशेबाने बघायला गेलं तर नव्हताही. मास्टरांना मूल होणार नाही असं लग्नानंतर काही वर्षांनी कळलं. नेमक्या त्याच काळात, थोडी वर्षं का होईना, कायद्याने अशा जोडप्यांना एक वाट मोकळी करून दिली होती. मास्टरांच्याच शरीरातल्या एका पेशीपासून गर्भ तयार केला, तो काकूंच्या पोटात वाढला आणि गुंड्या जन्मला. नाक, कान, केसांतला भोवरा, हसताना डावीकडे पडणारी खळी, सगळं मास्टरांचं. पुढे तो कायदा बंद झाला. गुंड्यासारखी जी काही थोडी मुलं जन्मली होती, ती तेवढीच राहिली.

सरकारी भाषेत मास्टर हे ‘मूळ’ आणि गुंड्या ही ‘प्रत’. हा शब्द ऐकला की काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नऊ महिने पोटात वाढवला, कळा सोसल्या, गोवरात रात्ररात्र उशाशी बसले, आणि म्हणे प्रत! गल्लीतल्या लोकांची थट्टा मात्र त्यांना चालायची. “मास्टर, दुसरी आवृत्ती झकास निघाली हो, छपाईची चूक एक नाही!” असं कुणी म्हटलं की मास्टरांची छाती फुगायची. मास्टरांनी आपल्या तरुणपणच्या कपड्यांचे कागदी फर्मे जपून ठेवले होते. त्या त्या वयाचा फर्मा काढायचा, कापड बेतायचं आणि शिवायचं. गुंड्याचं माप असं आयुष्यात कधी घ्यावंच लागलं नाही. शर्ट अंगात घातला की बसला. “ट्रायल नाही, दुरुस्ती नाही, असं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो,” मास्टर म्हणायचे.

वर्षभर मास्टरांचा हात अधूनमधून झटकत होता. मग मानही. मग कधी चालताना पाऊल नको तिथे पडू लागलं. हे डॉक्टर झाले, ते डॉक्टर झाले, आणि शेवटी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “दोनातलं एक आहे. पहिलं असेल तर गोळ्यांनी आटोक्यात येतं, तुम्ही आणखी वीस वर्षं कात्री चालवाल. दुसरं असेल तर त्यावर औषध नाही. आधी हातपाय जातात, मग बोलणं, मग माणसं ओळखणं. ते जन्मापासून रक्तात असतं, पन्नाशीला तोंड वर काढतं. पहिल्याच्या गोळ्या दुसऱ्यात दिल्या तर उलट बिघडतं. तेव्हा रक्ताची चाचणी केल्याशिवाय मला काहीच सुरू करता येणार नाही.”

“मग करा की,” काकू म्हणाल्या होत्या.

“तुमच्या मुलाची संमती लागेल. ह्यांचा निकाल तोच त्यांचा निकाल. एकाची चाचणी केली की दुसऱ्याची झालीच. साधा मुलगा असता तर त्याला आजार आला असेल किंवा नसेल, असं तरी म्हणता आलं असतं. इथे तसं नाही.”

मास्टरांचे वडील तिशीच्या आतच रस्त्यावरच्या अपघातात गेले होते. रक्तात काय होतं आणि काय नव्हतं, हे सांगायला ते उरलेच नाहीत.

गुंड्याने त्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं, “मी सही करणार नाही. मला कळून घ्यायचं नाही.” मान वर न करता बोलला आणि भाताचा घास घेतला. मास्टर म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.” काकूंना त्या क्षणी दोघांचाही संताप आला. दोघं एकाच मातीचे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण निदान एकाने तरी दुसऱ्याचा विचार करावा की नाही?

गुंड्याचं काम त्या दिवशी बाजाराच्या मागच्या एका उंच इमारतीत होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला भेटायचं म्हणजे जिने चढणं आलंच. काकू प्रत्येक मजल्यावर थांबत, कठडा धरून श्वास घेत वर गेल्या. चढताना त्यांना उगाचच गुंड्याच्या जन्माआधीची समितीची ती खोली आठवली. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! सभा काय, मोर्चे काय, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. कुणी म्हणे ही माणसं बिनआत्म्याची जन्मतील, कुणी म्हणे श्रीमंत लोक स्वतःच्याच फौजा उभ्या करतील. ज्या जोडप्यांनी अर्ज केले होते त्यांना समितीपुढे बोलावलं होतं. एका विद्वानांनी काकूंना विचारलं, “मुलगा मोठा होऊन हुबेहूब नवऱ्यासारखा दिसायला लागेल, तेव्हा तुम्हाला काय वाटेल?” “बरं वाटेल,” काकू म्हणाल्या होत्या, आणि सगळी समिती हसली होती. दुसऱ्या कुणाचं बीज घ्यायचा सोपा मार्ग आहे, मूल दत्तक घ्यायचा मार्ग आहे, असं त्यांना समजावून सांगितलं गेलं. त्यांनी ऐकलं नाही. “मला अगदी ह्यांच्यासारखाच हवा.” हट्ट मास्टरांचा नव्हता. मास्टर तर लाजून खाली बघत होते.

त्या समितीने आत्म्याचा इतका कीस काढला. पण बापाच्या रक्तात काही निघालं तर ते पोरापासून लपवायचं कसं, हे एकाही विद्वानाला सुचलं नाही. काकूंना तरी कुठे सुचलं होतं?

गच्चीवरच्या खोलीचा पत्र्याचा दरवाजा अर्धवट उघडा होता. आत गरम झालेल्या ग्रीसचा वास होता. मोठ्या चाकावरून खाली उतरलेल्या पोलादी दोरांशी गुंड्या वाकून काहीतरी घट्ट करत होता. पाठमोरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मानेवर घाम.

“अहो—” काकूंच्या तोंडून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

“मी आहे, आई,” गुंड्या मागे न वळता म्हणाला. उंची वाढली तेव्हापासून त्याला याची सवय होती. घरात यावरून भरपूर हसून झालं होतं. “जिने चढून आलीस? वेडी आहेस का? बस आधी.”

त्याने हत्यारांची पेटी उलटी करून त्यांना बसायला दिली, पाण्याची बाटली पुढे केली. काकूंनी दोन घोट घेतले. लगेच बोलायचं नाही, असं ठरवून आल्या होत्या, ते राहिलं बाजूलाच.

“त्यांनी आज वकीलसाहेबांचा कोट फाडला.”

गुंड्याने पाना खाली ठेवला. “लागलं का त्यांना?”

“त्यांना कसलं लागतंय! कोटाला लागलं. मनाला लागलं. तू एक सही दे रे. तुला निकाल बघायला कुणी सांगतंय का? मी डॉक्टरीणबाईंशी बोलते. कागद तुझ्या नजरेस पडणार नाही, घरात गोळ्यांची बाटली दिसणार नाही. मी सगळं लपवीन. ते पहिलं असेल तर त्यांचा हात राहील रे. नुसत्या तुझ्या हट्टापायी त्यांनी असं रोज थोडं थोडं संपायचं का?”

 गुंड्याने फडकं घेतलं आणि बोटांचं ग्रीस पुसायला लागला. एकेक बोट, दोन्ही बाजूंनी.

“हल्ली तू त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीस,” काकू म्हणाल्या. आता त्या थांबायच्या नव्हत्या. “ताट पुढे ओढतोस आणि खाली मान घालून जेवतोस. बाप आहे तो तुझा. कायदा काय वाटेल ते म्हणू दे.”

“बघतो,” गुंड्या म्हणाला. “तुम्ही दोघं बघत नसता तेव्हा.”

“मग कळत नाही तुला? त्यांना औषध—”

“औषध नाही मिळणार, आई.”

“कशावरून? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोनातलं एक—”

“दोनातलं एक नाही.”

त्याने हे इतकं हळू म्हटलं, की काकूंना आधी वाटलं तो दोरांबद्दल काही बोलतोय. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पंचविशीतले मास्टर त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांचा खालचा ओठ दातांत धरलेला होता. मास्टर असा ओठ धरतात ते फक्त रडू आवरताना, हे जगात एकाच बाईला माहीत होतं.

“तुला कसं ठाऊक?” काकूंनी विचारलं.

“दोन वर्षं झाली. माझं लग्नाचं चाललं होतं ना, तेव्हा ती मुलगी म्हणाली, दोघांचंही रक्त तपासून घेऊ, मुलांचं बघायला बरं. हल्ली सगळेच करतात. मी प्रत आहे असं तिथे सांगितलंच नाही, नाहीतर बाबांची सही मागितली असती. साध्या माणसासारखं रक्त दिलं, निकाल घेऊन आलो.” तो जरासा हसल्यासारखा झाला. “ते दुसरंच निघालं. आणि साध्या माणसासारखा माझ्या एकट्याचा निकाल नव्हता तो.”

काकूंना ते दिवस आठवले. मुलगी हसरी होती, दुकानात येऊन काज करायला शिकली होती, आणि गुंड्याने एका रविवारी सांगितलं होतं, जमत नाही, मोडलं. काकूंनी त्याला काय काय म्हटलं होतं! दगड म्हटलं होतं. पोरीच्या आयुष्याचा खेळ केलास म्हटलं होतं. महिनाभर त्याच्याशी सरळ बोलल्या नव्हत्या, आणि तो रोज कामावरून येऊन मुकाट्याने आपलं ताट वाढून घेत होता.

“बोलला का नाहीस रे?” त्या म्हणाल्या. “मला तरी सांगायचं.”

“तेव्हा बाबांचा हात झटकत नव्हता. मला वाटलं, आहे अजून वेळ. कदाचित चुकलंही असेल. मग त्यांचा हात झटकायला लागला.”

खाली कुणीतरी लिफ्टचा दरवाजा बडवला आणि “अजून किती वेळ?” म्हणून ओरडलं. गुंड्याने दाराशी जाऊन “होतंय, होतंय!” म्हणून उत्तर दिलं आणि परत येऊन काकूंच्या पुढ्यात उकिडवा बसला.

“मी सही केली तर बाबांना दोन गोष्टी कळतील. एक त्यांची आणि एक माझी. त्यांची ते सोसतील. माझी सोसायची नाही त्यांना. हे आपल्यामुळे झालं, असं धरून बसतील. तू ओळखतेस ना त्यांना? हात गेला तरी चालेल, पण डोकं जाईपर्यंतची जी चार चांगली वर्षं आहेत, ती त्यांनी माझ्याकडे बघत रडण्यात घालवायची का? म्हणून मी घाबरट. म्हणून मला कळून घ्यायचं नाही. इतकंच.”

“हट्ट माझा होता,” काकू म्हणाल्या. “त्यांचा नव्हता रे. मीच म्हटलं होतं, अगदी ह्यांच्यासारखाच हवा.”

“आई, कुणाच्या जन्माच्या वेळी कुणी त्याला विचारतं का? मला काही त्याचं वाईट वाटत नाही. मला बाबा आवडतात.”

काकूंना हे सहन झालं नाही. त्यांनी त्याचं डोकं छातीशी ओढलं, आणि ग्रीसचे हात लुगड्याला लागू नयेत म्हणून तो हात लांब धरून तसाच अवघडून बसला. त्याच्या केसांतला भोवरा त्यांच्या हनुवटीखाली होता. रडायला तोंड उघडलं तर आवाज जिन्यातून खालपर्यंत जाईल, म्हणून त्या नुसत्या हलत राहिल्या.

“त्यांना सांगायचं नाहीस,” तो म्हणाला.

“आणि मी? मी कुठे ठेवू हे?”

 गुंड्या उठला, पाना उचलला आणि बराच वेळ कुठला बोल्ट घट्ट करत होतो ते शोधत राहिला.

काकू दुकानात परतल्या तेव्हा मास्टरांनी फाटलेलं कापड गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर टाकलं होतं. ते शिलाई मशिनीसमोर बसले होते, पण मशीन चालू नव्हती. काकूंना बघताच ते उभे राहिले. उभं राहताना मान एका बाजूला ओढली गेली, ती त्यांनी हाताने सरळ केली.

“काय म्हणाला?”

सगळा जिना उतरताना काकूंनी काय सांगायचं ते जुळवलं होतं. आयत्या वेळी त्यातलं निम्मंच आठवलं.

“नाही म्हणाला. त्याला कळून घ्यायचं नाही म्हणाला.”

मास्टर मटकन खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड पुसलं, आणि हात खाली घेतले तेव्हा ते चक्क हसत होते.

“सुटलो बाई!”

“सुटलो काय म्हणता, अहो?”

“अगं, तू गेल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता माझा. वाटलं, तू रडशील, आणि ते पोरगं पाघळून सही करेल. मग? दुसरंच निघालं तर? माझं काय, माझं झालंय सगळं. दुकान झालं, संसार झाला. पण त्याला पंचविसाव्या वर्षी कळायचं, की पन्नाशीला आपला असा खुळखुळा होणार? मला असं बघत बघत त्याने जगायचं? छे! मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकतो, मलाच चाचणी नको. तो नाही म्हणाला ते एका परीने फार बरं झालं.” ते पुढे वाकले. “तुला काय वाटतं? त्याच्या मनात काही शंका बिंका?”

“नाही,” काकू म्हणाल्या.

“निवांत आहे ना?”

“निवांत आहे.”

“बस्स. तेवढंच पाहिजे.” मास्टरांनी मशिनीच्या चाकाला हात घातला. “वकीलसाहेबांना सांगू, कापड कमी पडलं. आणि काय गं, मला सपाटून भूक लागलीय.”

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. मास्टर खुशीत होते. लिफ्टमध्ये कोण कोण अडकलं होतं ते गुंड्याला विचारत होते. गुंड्याही आज मान वर करून सांगत होता: एक जाडजूड गृहस्थ अडकले होते, बाहेर काढल्यावर त्यांनी आधी बायकोला फोन लावला आणि म्हणाले, मी जिन्यानेच येतोय. मास्टर खो खो हसले. हसता हसता त्यांचा हात झटकला आणि पाण्याचा पेला आडवा झाला. पाणी टेबलावरून धावत गुंड्याच्या ताटाखाली गेलं.

हसणं थांबलं. बापाने पोराकडे बघितलं नाही, पोराने बापाकडे बघितलं नाही. दोघांनीही एकाच वेळी काकूंकडे बघितलं. डोळे तेच, भीती तीच. समोरच्याला काही शंका तर आली नाही ना, एवढंच दोघं त्यांना विचारत होते.

पेल्यापर्यंत काकूंचा हात पोचण्यासारखा नव्हता.

“माझाच धक्का लागला,” त्या म्हणाल्या, आणि फडकं आणायला उठल्या.